तिनोसला उन्हाळ्यात जाताय? वारा, बोटी, नवस आणि नेहमीचे प्रश्न

ग्रीसला जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाइल उघडा, सँटोरिनीचे निळे घुमट आणि मिकोनोसच्या पवनचक्क्या हमखास सापडतील. मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासावर असलेलं तिनोस हे बेट मात्र सहसा नसतं. विचारलं तर आम्ही लोकांना तिनोसच सुचवतो, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ते प्रश्न साधारण जसे येतात तसेच इथे घेतले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही, पण वारा पहिला, कारण तिथे सगळं त्याच्यापासूनच सुरू होतं.

वारा खरंच इतका असतो, की लोक उगाच घाबरवतात?

खरंच असतो. त्याचं नाव मेल्तेमी. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उत्तरेकडून येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात असतो. नवख्या माणसाची फसगत होते ती आकाशामुळे. वारा सुटला की पाठोपाठ पाऊस येणार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे आकाश निळंशार, ढग नावालाही नाही, लांबची बेटं कोरल्यासारखी स्वच्छ दिसतायत, आणि तुमची टोपी मात्र बंदरात तरंगतेय.

ग्रीक लोक वारा ब्युफोर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापात सांगतात. हॉटेलवालेसुद्धा सकाळी ‘आज सहा’, ‘उद्या सात’ असंच बोलतात, त्यामुळे हे आकडे लक्षात ठेवा. पाच म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर: समुद्रावर पांढरे फेसाळ तुरे दिसतात, पण दिवस मजेत जातो. सहा म्हणजे ३९ ते ४९: छत्री उघडायच्या भानगडीत पडू नका. सात म्हणजे ५० ते ६१: वाऱ्याच्या तोंडावर चालणं जड जातं. आठ म्हणजे ६२ ते ७४, आणि त्या दिवशी बेटावर एकच विषय असतो, बोट सुटणार का.

या भागात तिनोसची वारेमाप ख्याती फार जुनी आहे. वाऱ्यांचा देव एओलस इथल्या त्सिक्नियास डोंगरावर राहतो असं मानतात. अथेन्समधला वाऱ्यांचा प्रसिद्ध संगमरवरी मनोरा ज्या अँड्रोनिकसने बांधला, त्याने केलेलं एक सूर्यघड्याळ तिनोस गावातल्या छोट्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिथे जाणारे फार थोडे. तुम्ही जा.

पण भर उन्हाळ्यात इतका वारा येतो कुठून?

याचं उत्तर ऐकून मराठी माणसाला गंमत वाटते, कारण त्याचा एक धागा आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. उन्हाळ्यात बाल्कन प्रदेशाच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानवर कमी. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या एजियन समुद्रातून हवा दक्षिणेकडे ढकलली जाते, तोच मेल्तेमी. तुर्कस्तानवरचा कमी दाब काही एकटा नसतो. उत्तर भारत, पाकिस्तान, इराण असा पश्चिमेकडे पसरत गेलेल्या तापलेल्या पट्ट्याचं ते टोक असतं, आणि आपल्याकडे मोसमी वाऱ्यांना ओढून आणणारा पट्टाही हाच. जुलैत रत्नागिरीत छत्री उलटी होते आणि तिनोसवर टेबलावरचं कापड उडतं, या दोन्ही गोष्टी एकाच कुळातल्या.

दुपारी वारा चढतो. संध्याकाळी बऱ्याचदा उतरतो, पण नेहमी नाही. एकदा सुरू झाला की काही दिवस सलग राहतो, मग दोन दिवस चिडीचूप. त्या चिडीचूप दिवशी उकाड्याने हैराण झाल्यावर वाऱ्याची किंमत कळते. एरवी अथेन्स चाळिशीत भाजत असताना तिनोसवर तिशीच्या आसपास निभावतं, ते याच वाऱ्यामुळे.

मग कोणता महिना चांगला?

जूनचे पहिले तीन आठवडे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. जूनमध्ये डोंगरउतारांवर अजून थोडी हिरवळ असते, पाणी मात्र गार. सप्टेंबरमध्ये पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि गर्दी ओसरलेली. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जावं लागणार असेल तर खुशाल जा: वारा कमी, खोल्या स्वस्त. पोहायला मात्र दात वाजतील. ऑगस्टचं वेगळं आहे, त्याबद्दल खाली.

तिथे पोहोचायचं कसं? विमानतळ आहे का?

नाही. अथेन्सपर्यंत विमान आणि पुढे बोट, किंवा मिकोनोसपर्यंत विमान आणि तिथून बोट. बहुतेक मंडळी अथेन्सचं बंदर म्हणजे पिरेयस एवढंच धरून चालतात. तिनोससाठी राफिना हे दुसरं बंदर जास्त सोयीचं. ते विमानतळाच्या बाजूला आहे, थेट बस आहे, आणि अथेन्सच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. राफिनाहून वेगवान बोट साधारण दोन तासांत नेते, मोठी संथ बोट चार तासांच्या आसपास घेते आणि वाटेत आंद्रोस बेटावर थांबते.

आमचं मत विचाराल तर संथ बोट घ्या. स्वस्त असते, डेकवर उभं राहता येतं आणि वाऱ्यात कमी हलते. वेगवान बोटींत बऱ्याचदा विमानासारखं बंद खिडकीशी बसून राहावं लागतं.

उतरताना ढिलाई नको. बोट बंदरात जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की बॅगा घेऊन खाली गाड्यांच्या डेकवर जाऊन उभं राहायचं. फळी खाली येते, शिट्ट्या वाजतात, ट्रक आणि माणसं एकदमच बाहेर पडतात. परतताना बोट कोणत्या धक्क्याला लागणार ते तिकिटाच्या दुकानात विचारून घ्या. तिनोसला एकाहून जास्त धक्के आहेत, आणि सामान ओढत एकावरून दुसऱ्यावर धावणारी कुटुंबं रोज दिसतात.

वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर?

होते. निर्णय बोट कंपनीचा नसतो, तटरक्षक दलाची बंदी लागते. बोटीचा आकार, प्रकार आणि मार्ग पाहून ती लावली जाते. छोट्या आणि वेगवान बोटी आधी थांबतात, मोठ्या बोटी आठ ब्युफोर्टच्या आसपास. त्यामुळे ‘समोरची बोट गेली, मग आमची का नाही’ हा वाद काउंटरवर घालून उपयोग नाही.

अशा वेळी पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं एक निवडायचा हक्क युरोपीय कायद्याने दिलेला आहे. खराब हवामानामुळे अडकलात तर हॉटेलचा खर्च मात्र कंपनीवर बंधनकारक नाही, तो तुमच्या खिशातून जातो.

म्हणून एकच नियम, आणि तो आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगतो: भारतात परतायचं विमान ज्या दिवशी आहे त्या दिवशी सकाळी बेटावर असू नका. आदल्या दिवशीच अथेन्सला या. एक रात्र ‘फुकट गेली’ असं वाटेल. वाटू द्या. ती रात्र अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी जेवण्यात गेली तर काही बिघडत नाही, विमान चुकलं तर बरंच बिघडतं.

बोट लागते, काय करावं?

खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर बसा, तिथे हलणं सगळ्यात कमी. मोबाइल बाजूला ठेवा आणि क्षितिजाकडे पाहा. उपाशी पोटी चढू नका, तुडुंब खाऊनही नको. अव्होमिनसारखी गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घरूनच न्या आणि बोट सुटायच्या आधी घ्या. ओकारी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नसतो. आलेपाकाची वडीही चालते, आणि शेजारच्या ग्रीक आजींना दिलीत तर गप्पा सुरू होतात.

इतक्या वाऱ्यात समुद्रात पोहता येतं का?

येतं, फक्त किनारा वारा पाहून निवडायचा. मेल्तेमी उत्तरेचा, म्हणून त्या दिवसांत दक्षिणेकडचे किनारे धरायचे: गावाजवळचं आयिओस फोकास, पश्चिमेकडचं किओनिया, त्याच्याही पुढचं आयिओस रोमानोस. उत्तरेचं कोलिम्बिथ्रा सुंदर आहे, पण वारा असेल तेव्हा तिथे लाटा उसळतात आणि लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी पोरं जमतात. तिथे शेजारी शेजारी दोन खाड्या आहेत, लहान खाडी जास्त आडोशाची. वारा पडलेल्या दिवशी कोलिम्बिथ्रासारखी जागा नाही.

आता जे नीट वाचायचं ते. दक्षिण किनाऱ्यावर पाणी सपाट दिसतं म्हणून ते निर्धोक आहे असं समजू नका. वारा डोंगरावरून खाली कोसळतो आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो. हवा भरलेली गादी, रबरी चक्र, मुलांचा फुगा, काहीही असो, तो ते आत ओढून नेतो, आणि माणूस जितका मागे लागतो तितकं ते लांब जातं. म्हणून वाऱ्याच्या दिवशी मुलांना हवेच्या गादीवर बसवून पाण्यात सोडू नका. गेली गादी तर जाऊ द्या.

दुसरं म्हणजे ऊन. वाऱ्यामुळे अंगाला चटका जाणवत नाही आणि चामडी मात्र मुकाट भाजत राहते. ‘आपल्याला कुठे ऊन लागतंय, आपण नागपूरचे’ म्हणणारेही संध्याकाळी पाठीला दही चोळताना दिसतात.

ते मोठं चर्च म्हणजे नक्की काय? लोक रस्त्यावर रांगत का जातात?

पानायिया एव्हान्गेलिस्ट्रिया, म्हणजे मेरीमातेचं देवस्थान. ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या ग्रीकांसाठी देशातलं सगळ्यात मोठं तीर्थ. पेलाइया नावाच्या ननला १८२२ मध्ये दृष्टान्त झाले, तिने सांगितलेल्या जागी खणलं आणि ३० जानेवारी १८२३ रोजी मेरीची प्रतिमा सापडली, अशी कथा आहे. ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे ही प्रतिमा देवाचा कौल ठरली. आजही तिच्याभोवती सोन्याचांदीचा आणि रत्नांचा इतका खच आहे की मूळ चित्र शोधावं लागतं.

बंदरापासून चर्चपर्यंत सरळ चढ आहे आणि रस्त्याच्या कडेने गालिच्याची पट्टी टाकलेली आहे. नवस बोललेली माणसं, विशेषतः बायका, त्या पट्टीवरून गुडघ्यांवर रांगत वर जातात. गुडघ्यांना फडकी बांधलेली, तळव्यांना काळं लागलेलं, आणि शेजारून मुलगा किंवा सून पाण्याची बाटली घेऊन हळूहळू चालतेय. कुणी टक लावून पाहत नाही, कुणी हळहळतही नाही. गाड्या बाजूने जात राहतात. फोटो काढायचा मोह होतो. काढू नका.

आत छताला शेकडो दिवे लटकलेले दिसतील आणि त्यांना चांदीची छोटी जहाजं, हात, पाय, पाळणे बांधलेले. हे फेडलेले नवस. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. दारातच एक चांदीचं संत्र्याचं झाड आहे. एका आंधळ्या माणसाने नवस केला की दृष्टी आली तर पहिल्यांदा जे दिसेल ते चांदीत घडवून देईन, आणि त्याला संत्र्याचं झाड दिसलं, असं सांगतात.

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ओढणी जवळ असली की प्रश्न मिटतो.

१५ ऑगस्टला जावं का?

मेरीमातेचा मोठा सण त्याच दिवशी. प्रतिमा मिरवणुकीने बाहेर काढतात, आजारी माणसं रस्त्यात आडवी होतात जेणेकरून ती त्यांच्यावरून जावी, आणि गाव अक्षरशः माणसांनी भरून वाहतं. पाहायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या. शांत सुट्टी हवी असेल तर १० ते १८ ऑगस्ट हे दिवस सोडूनच द्या, मधला मार्ग नाही.

त्या दिवसाला आणखी एक पदर आहे. १५ ऑगस्ट १९४० रोजी सणासाठी आलेली ‘एली’ ही ग्रीक युद्धनौका तिनोसच्या बंदरातच इटालियन पाणबुडीने बुडवली. ग्रीस तेव्हा युद्धात नव्हता. इटलीने उघड हल्ला केला तो २८ ऑक्टोबरला. चर्चच्या आवारात एलीचं स्मारक आहे.

शाकाहारी आहोत. खायला काय मिळेल?

ग्रीसमध्ये शाकाहाऱ्याचे हाल होतात हा समज चुकीचा आहे, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तर अजिबातच नाही. १ ते १४ ऑगस्ट भाविकांचा उपास असतो: मांस, अंडी, दूध, सगळं वर्ज्य. आपला श्रावणही बहुधा त्याच सुमाराला येतो, त्यामुळे आपलेही उपास चालू आहेत म्हटलं की तिथल्या आजींना फार बरं वाटतं. खानावळीत ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपासाचं काय आहे ते विचारा. मात्र सावध राहा, त्यांच्या उपासाला ऑक्टोपस, कोळंबी आणि शिंपले चालतात! म्हणून ‘मांस नको, मासे नको, समुद्रातलं काहीच नको’ असं तिन्ही सांगायचं.

एरवी मागवायचं ते असं: यिगान्तेस, म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे. फावा, पिवळ्या वाटाण्याच्या जातीच्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. मंद आचेवर शिजलेले हरभरे. टोमॅटोची आणि बडीशेपेच्या पाल्याची भजी, ही तर आपल्या लोकांना इतकी आवडतात की दुसरी ताटली मागवावीच लागते. तिनोसचे आर्टिचोक, म्हणजे कळीसारखी एक भाजी, प्रसिद्ध आहेत, पण ताजे वसंतात. उन्हाळ्यात मुरवलेले मिळतात. कोपानिस्ती हे तिखट, झणझणीत चीज थोडंच घ्या आणि पावाला लावून खा. ‘लूझा’ म्हणून पातळ काप समोर आले तर ते डुकराचं मांस आहे. चीजच्या थाळीत ते बिनदिक्कत ठेवून देतात.

जेवण रात्री नऊनंतर. सात वाजता गेलात तर वेटर अजून खुर्च्या लावत असतो.

चर्च आणि समुद्र सोडून पाहायला काय आहे?

खरं तिनोस गावांमध्ये आहे. डोंगरात चाळीसहून अधिक गावं विखुरली आहेत, काही ऑर्थोडॉक्स, काही कॅथलिक, काही दोन्हींची. कॅथलिक व्हेनिसवाल्यांनी इथे १२०७ पासून १७१५ पर्यंत राज्य केलं, त्याची ही खूण.

एकच गाव पाहायचं असेल तर पिर्गोस. संगमरवराचं गाव. दारावरची नक्षीची जाळी, कारंजं, बसथांबा, सगळं संगमरवरी. इथल्या पाथरवटांची कला युनेस्कोने २०१५ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. गावाबाहेरच्या संगमरवर-कला संग्रहालयात खाणीतून दगड खाली कसा आणत इथपासून सगळं दाखवलं आहे. दोन तास हातात ठेवा.

तिथेच यानूलिस हालेपासचं घर आहे. १८५१ साली पाथरवटांच्या घरात जन्मलेला हा शिल्पकार अथेन्स आणि म्युनिकला शिकला, तरुणपणीच नावाजला, आणि मग मन बिघडलं. १८८८ ते १९०२ कोर्फूच्या वेड्यांच्या इस्पितळात गेली. घरी परतल्यावर आईने ठरवलं की शिल्पकलेनेच पोराचं डोकं फिरवलं, आणि तो जे घडवी ते ती मोडून टाकी. आई १९१६ मध्ये गेली. पासष्टीतला हालेपास पुन्हा मातीला हात लावून बसला आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत थांबला नाही. घर लहान आहे, खोल्या अंधाऱ्या. त्याचं सगळ्यात गाजलेलं काम, झोपलेली तरुणी, अथेन्सच्या पहिल्या स्मशानभूमीत एका थडग्यावर आहे. परतीच्या त्या जादा दिवशी तिथे जाता येईल.

व्होलाक्समध्ये घरांएवढे गोल ग्रॅनाइटचे धोंडे माळभर पसरलेत आणि टोपल्या विणणारे एखाद-दोघे अजून दारात बसलेले दिसतात. ताराबादोसजवळच्या दरीत कबुतरखाने पाहा: दोन मजली, वरच्या मजल्यावर पातळ दगडी पट्ट्यांची त्रिकोण-सूर्याची नक्षी. कबुतरं खायला आणि त्यांची विष्ठा शेताला, असा रोकडा हिशोब होता. सगळे कबुतरखाने वाऱ्याकडे पाठ करून आडोशाला बांधलेले आहेत, ते तेवढं उभं राहून बघा.

गाडी घ्यावी की बस पुरते?

पिर्गोस आणि दोन-तीन किनारे एवढंच असेल तर बस पुरते. गावं हिंडायची असतील तर गाडी हवी. भारतीय परवान्यासोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. रस्त्याची उजवी बाजू, वळणं अरुंद. स्कूटर मात्र नको. डोंगराच्या माथ्यावर झोत आडवा येतो तेव्हा सराईतांचीही तारांबळ उडते.

आणि गाडीचं दार! नाक वाऱ्याकडे करून गाडी लावा. पाठीमागून वारा असताना दार सैल सोडलं तर ते बिजागरीसकट उलटं वाकतं, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही. दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचं, मुलांना उघडू द्यायचं नाही.

आई-बाबांना झेपेल का?

गावात राहिलात तर झेपेल. बंदराचा भाग सपाट आहे, चर्चपर्यंतच्या चढाला टॅक्सी मिळते. डोंगरातल्या गावांत पायऱ्याच पायऱ्या, आणि संगमरवरी फरशी गुळगुळीत. रबरी तळव्याच्या चपला हव्यात. दम्याचा त्रास असेल तर वाऱ्याच्या दिवशी धूळही उडते, औषध जवळ ठेवा.

कपडे काय न्यावेत?

एक विंडचीटर, ऑगस्टमध्येसुद्धा. हनुवटीखाली बांधता येणारी टोपी. केस लांब असतील तर रुमाल. घेरदार फ्रॉकचे फोटो मिकोनोसला काढा, इथे अब्रू जाईल.

व्हिसा आणि खर्चाचं थोडक्यात सांगा.

शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांना ९० युरो शुल्क, ३० हजार युरोचा प्रवासविमा सक्तीचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यासाठी लवकर केलेलाच बरा. हॉटेलात खोलीभाड्यावर वेगळा सरकारी कर पडतो, दर रात्री, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. आरक्षणाच्या रकमेत तो धरलेला नसतो, तिथे गेल्यावर मागतात. एकूण राहणं-जेवण मिकोनोसपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

मिकोनोस आणि डेलोस त्यातच उरकता येईल का?

चार-पाच रात्री तिनोसवर काढा आणि एक दिवस डेलोसला द्या. अपोलोचं जन्मस्थान मानलेलं हे निर्मनुष्य बेट १९९० पासून जागतिक वारसा आहे. तिथे मुक्काम करता येत नाही, दिवसा जाऊन परतायचं. बोट छोटी असते, म्हणून वारा वाढला की पहिली गदा डेलोसच्या फेरीवर येते. शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिला शांत दिवस मिळाला की निघा.

नळाचं पाणी?

पिऊ नका, बाटली घ्या. आंघोळीला जपून वापरा, बेटावर उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात आणि तुंबले की घरमालकीणबाई स्वतः येऊन उभ्या राहतात.